हा कर, शालिक

वीसेक वर्षं मी इटालियन वाईन चाखली आणि एक घोटही प्यालो नाही, असं सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो, मग माझ्या तोंडाकडे बघतो, आणि मग हळूच विचारतो, "पण थोडीशी तर जात असेलच ना?" आमच्या खुर्सीपार वस्तीतल्या पानठेल्यावर यावरून माझी इतकी टिंगल झाली की मी सांगणंच सोडून दिलं होतं. या अंकासाठी "तुमच्या कामाबद्दल लिहा" अशी चिठ्ठी आली तेव्हा माझी बायको सुमन म्हणाली, "लिहा जी एकदाचं. म्हणजे मलेही लोकांले समजवत बसाचं काम नाही." म्हणून लिहायला बसलो आहे.

भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये एका नव्या मिलचं काम एका इटालियन कंपनीकडे होतं. त्या कंपनीनं आपल्या इंजिनिअरांसाठी रुआबांध्याकडे एक मोठं घर भाड्यानं घेतलं होतं. त्याला आम्ही गेस्ट हाऊस म्हणायचो. मी तिथं आधी वेटर होतो, पुढं जेवणघराचा सगळा कारभार माझ्याकडे आला. या लोकांना भाजी कमी चालेल, भात नसला तरी चालेल, पण जेवताना वाईन पाहिजेच. त्यांच्या सामानाबरोबर बाटल्यांची खोकी यायची, कागद-परवाने कंपनीचं ऑफिस पाहायचं, आणि बाटल्या माझ्या ताब्यात यायच्या. मला तोवर वाईन आणि खोकल्याचं औषध यातला फरकही सांगता आला नसता.

पहिली चूक मी केली ती अगदी मन लावून केली. खोक्यात एक कागद होता. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं की लाल वाईन रूम टेम्परेचरला द्यावी. महिना मे. भिलाईचा मे, म्हणजे नळाच्या पाण्यानं हात भाजतो तो. बाटली कूलरच्या खोलीत होती, तर मी म्हटलं, हे काही खरं रूम टेम्परेचर नव्हे, ही तर लबाडी झाली. मी ती उचलून स्वयंपाकघरामागच्या स्टोअर रूममध्ये नेऊन ठेवली, पत्र्याखाली. दुपारी जेवणाच्या वेळी आणून ऐटीत ग्लासात ओतली.

ब्रुनो साहेब टेबलाच्या टोकाला बसायचे. मेकॅनिकलचे मुख्य, साठीला आलेले, टक्कल, आणि पायात बाराही महिने सँडल. त्यांनी एक घोट घेतला, ग्लास खाली ठेवला आणि आपल्या मोडक्या हिंदीत मला गंभीरपणे विचारलं, "सालिक, ये सूप है?"

"नहीं साहब, वाईन है."

त्यांनी बाटलीला हात लावला. तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा, उलटा. आणि मग जे हसत सुटले, ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी मात्र आतून चिडलो होतो. कागदावर लिहिलं तसंच तर केलं होतं बापा! संध्याकाळी त्यांनी मला बोलावून समजावलं की ती 'रूम' त्यांच्या डोंगरातल्या दगडी घराची आहे, तिथं उन्हाळ्यातही खोलीत अंगावर काहीतरी घ्यावं लागतं. आपल्याकडे लाल वाईनसुद्धा थोडी गार करूनच द्यायची. मी ते वहीत लिहून घेतलं. वहीत लिहिणारा वेटर त्यांना आवडला असावा, कारण त्या दिवसापासून त्यांनी मला शिकवायला घेतलं.

शिकवण्यात त्यांचाही स्वार्थ होता. त्यांचा धाकटा भाऊ गावी द्राक्षाची शेती करायचा आणि घरची पांढरी वाईन काढायचा. तिचं नाव वेर्दिक्कियो. इतक्या लांबच्या प्रवासानंतर ती कशी लागते, हे त्याला कळवायचं असे. पण ब्रुनो साहेबांना इथल्या हिरव्या मिरचीची अशी काही चटक लागली होती की रोज जेवताना दोन कच्च्या चावून खायचे, आणि वरून सिगारेट. स्वतःच म्हणायचे, "मेरा जीभ खतम. तेरा नाक नया है."

मी त्यांना पहिल्याच दिवशी साफ सांगितलं होतं, साहेब, मी पीत नाही. आमचं घर बौद्ध. पंचशीलातलं पाचवं शील नशेपासून दूर राहायचं, पण खरं सांगायचं तर शिलाच्या आधी माझ्या डोळ्यांपुढं माझा बाप यायचा. ठेकेदाराकडे मजूर होता, मनानं सोन्यासारखा, आणि मोहाच्या दारूनं चाळिशीच्या आतच गेला. तो गेला त्या आठवड्यात मायनं विहारातून आल्यावर माझा हात आपल्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "एक थेंब बी घशाखाली गेला, तर माय मेली समज." तेव्हा मी अकरावीत होतो.

ब्रुनो साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पीने को कौन बोला? थूको."

आता हे थुंकण्याचं बाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. वाईन चाखणारा माणूस वाईन पीत नाही. आधी ग्लास पांढऱ्या कागदावर तिरपा धरून रंग पाहायचा. लाल वाईन म्हातारी झाली की कडेनं विटकरी होते, पांढरी म्हातारी झाली की पिवळी पडते. मग ग्लास गोल फिरवायचा, म्हणजे वास मोकळा होतो, आणि नाक पार आत घालून हुंगायचं. अर्धंअधिक काम तिथंच होतं. मग चमचाभर तोंडात घ्यायची, त्यातून थोडी हवा आत ओढायची, चहा फुरकताना होतो तसा आवाज येतो, आणि जिभेच्या सगळ्या बाजूंना फिरवायची. आंबट कुठं लागलं, तुरटपणानं हिरड्यांना किती धरलं, सगळं मनात नोंदवायचं आणि थुंकून टाकायची. मी त्यासाठी झाकणाचा एक स्टीलचा डबा ठेवला होता. थुंकण्याच्या बाबतीत खुर्सीपारच्या माणसाला शिकवण्यासारखं फार काही नसतं, पण डब्यात नेमकं थुंकायला मलाही आठवडा लागला.

आणि मग ते वर्णन लिहायचं. याबाबतीत ब्रुनो साहेब फार कडक. कुठल्याशा पुस्तकात पाहून मी पहिल्यांदा 'रास्पबेरी' असं लिहिलं होतं.

"तूने खाया है?"

"नहीं साहब."

"तो काट!"

जे तू खाल्लं नाहीस, हुंगलं नाहीस, ते लिहायचं नाही, असा त्यांचा नियम. मग माझी वही बोर, जांभूळ, चिंच, आमसूल, तेंदूची पानं यांनी भरायला लागली. कियांती नावाची लाल वाईन म्हणजे अर्धं पिकलेलं बोर आणि वरून चहाची कोरडी पत्ती. जेवणाबरोबर गुणी, नुसती घेतली तर चिडकी. बार्बेरा म्हणजे जांभूळ, पण तुरटपणा कमी आणि आंबटपणा जास्त. बारोलो नावाची एक भारी लाल वाईन असते, ती पहिल्यांदा हुंगली आणि मी एकदम म्हटलं, "साहब, ये तो डामर है!" प्लांटच्या कोक ओव्हनकडून, म्हणजे कोळसा भाजतात तिकडून, वारा आला की आमच्या वस्तीत लहानपणापासून जो वास यायचा तोच, फक्त त्यात कोणीतरी गुलाबाच्या वाळलेल्या पाकळ्या कुस्करल्या होत्या. ब्रुनो साहेबांनी टेबलावर हात आपटला. म्हणाले, आमच्याकडचे मोठमोठे चाखणारेही बारोलोला डांबर आणि गुलाबच म्हणतात. मी म्हटलं, मग त्यांच्याही घरामागं कोक ओव्हन असणार.

हे सगळं गेस्ट हाऊसमध्ये ठीक होतं. घरी दारात माय उभी असायची.

मी पहिल्या नोकरीला लागलो तेव्हापासूनची ही पद्धत. मी कामावरून आलो की माय दारात यायची आणि म्हणायची, "हा कर, शालिक." मी तोंड उघडून श्वास सोडायचा, ती नाक जवळ आणून हुंगायची, आणि मग बाजूला व्हायची. लग्न झालं, दोन पोरं झाली, डोक्यावरचे केस गेले, तरी दारात 'हा' चुकला नाही. शेजारीपाजारी हसायचे. मी पण लाज वाटून घेत नसे, कारण माझ्या तोंडाला वास येतच नव्हता.

वाईनचं काम सुरू झालं आणि वास यायला लागला. मी सांगितलं, माय, मी थुंकतो. ती माझ्याकडे बघत राहायची.

"थुंकतो म्हणते! तुया बाप बी म्हणे का दोस्तायच्या संगं नुसता बसलो होतो."

मग मी मिठाच्या पाण्यानं गुळण्या करून यायला लागलो. वरून सोप, म्हणजे बडीशेप, खायची. ते तर फारच बिघडलं.

"सोप खाल्ली?" माय म्हणाली. "तुया बाप बी सोपच खाऊन ये."

सुमन (आमच्याकडे सून सासूला मामीजी म्हणते) मध्ये पडायची, "मामीजी, ते खरंच थुंकतेत, त्याईच्या सायबानं सांगतलं." पण त्या दिवसांत माय माझं ताट वाढताना माझ्याकडे बघत नसे, आणि त्या गोष्टीचा मला फार त्रास व्हायचा. मी घशाखाली थेंब जाऊ देत नव्हतो, आणि घरात मात्र दारुड्याचा पोरगा दारुडा निघाल्यासारखं वातावरण होतं.

मग ते दुपारचं जेवण आलं.

मिलचा एक मोठा टप्पा पुरा झाला होता. इटलीहून कंपनीचे मोठे साहेब आले होते, इथलेही बरेच अधिकारी होते. पाहुण्यानं स्वतः हातानं बारोलोच्या चार बाटल्या आणल्या होत्या, चांगल्या जुन्या. सकाळीच आमच्या मॅनेजरनं मला दम दिला होता की आज तुझा तो थुंकायचा डबा बाहेर दिसता कामा नये, मोठे लोक आहेत. ठीक आहे म्हटलं. मी पांढरा शर्ट घालून उभा राहिलो.

पहिली बाटली उघडली, थोडी ग्लासात घेतली आणि हुंगली. डांबर नाही, गुलाब नाही. ओल्या बारदानाचा वास. पावसात भिजलेलं पोतं कोपऱ्यात पडून राहिल्यावर येतो तो. बुचाला बुरशी लागली की वाईन अशी मरते, हे ब्रुनो साहेबांनी मला शिकवलं होतं, पण तोवर मी प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. पाहुण्याची बाटली, सगळे माझ्याकडे बघताहेत. खराब आहे म्हणून सांगायचं तर पूर्ण खात्री पाहिजे. म्हणून मी चमचाभर तोंडात घेतली. खात्री झाली. आता चूळ आतल्या मोरीत टाकायला म्हणून वळलो, तर एका अधिकाऱ्यानं प्रेमानं, अगदी प्रेमानं, माझ्या पाठीवर सणसणीत थाप मारली. "क्यों भई, कैसी है?"

तोंडातलं सगळं माझ्या शर्टावर आलं. मला असा ठसका लागला की टेबल धरावं लागलं. दोनतीन लोक हसले. मी पुसत पुसत कसंबसं म्हटलं, "साहब, बोतल खराब है." मॅनेजरचा चेहरा असा झाला होता की वाटलं, माझी नोकरी तिथल्या तिथं गेली. पाहुण्यानं माझ्या हातातला ग्लास घेतला, हुंगला, बराच वेळ हुंगला, आणि मान हलवली. खराबच होती. त्यांनी उठून माझ्याशी हात मिळवला. ब्रुनो साहेब तिकडून अशा तोऱ्यात बघत होते की जणू मला त्यांनीच जन्म दिला होता. पुढच्या तीन बाटल्या चांगल्या निघाल्या.

चार वाजता मी घरी आलो तो हवेत. हातमिळवणीची गोष्ट मायला सांगायची होती. शर्टावर छातीभर लाल डाग आहे, हे मी विसरूनच गेलो होतो.

माय दारातच होती.

"हे काय होय?"

"सांडली, माय. सायबानं पाठीवर थाप मारली अन्..."

"हा कर."

मी हा केलं. तिनं डोळे मिटून हुंगलं.

"गेली का घशाखाली? खरं सांग."

आणि मी थांबलो. आजवर हे मी घराबाहेर कुणालाही सांगितलेलं नाही, म्हणून इथं लिहितो. त्या ठसक्यात एक थेंब आत गेला होता. मला कळलं होतं. एकच, पण गेला होता. 'नाही' म्हणालो असतो तर खोटं झालं असतं, आणि 'गेली' म्हणायची हिंमत नव्हती. मी नुसता उभा राहिलो.

"बस," माय म्हणाली. "तुया बाप बी असाच थांबे."

तिनं आपली दोन लुगडी पिशवीत घातली आणि उतईला आपल्या भावाकडे, सोमामामाकडे निघून गेली. सुमननं हात धरला, पोरं रडली, मी पाया पडलो. ती रागावली असती तर बरं झालं असतं. रागावली नाही. चालताना तिच्या खांद्यावरून पिशवी घसरत होती आणि माय ती सारखी सावरत होती.

पुढच्या आठ-दहा दिवसांत मी दोनदा उतईला गेलो. मामा चहा द्यायचा, माय गोठ्यात काहीतरी करत राहायची. कामावर माझं चित्त उडालं. एक दिवस ब्रुनो साहेबांनी भावाची नवी बाटली उघडली आणि मी हुंगून सांगितलं, लिंबाचा पाला, जरा बडीशेप, आणि पुढं एक वास आहे तो ओळखीचा वाटतो पण सापडत नाही. साहेब म्हणाले, तुझं नाक ठीक आहे, डोकं ठिकाणावर नाही, काय झालं? मी सांगितलं. ते म्हणाले, रविवारी जीप काढ.

रविवारी सकाळी ब्रुनो साहेब सँडल घालून, बर्फाच्या डब्यात वेर्दिक्कियोची बाटली घेऊन उतईला माझ्या मामाच्या अंगणात उभे राहिले. अर्धी गल्ली जमा झाली. मामानं बाज टाकली. साहेबांनी हात जोडले. "माताजी, गलती मेरा."

माय मला म्हणाली, "याले सांग, तोंडी गोठी नको सांगू म्हणा. गोठी सांगाले तुया बापापेक्षा हुशार कोणी नव्हता."

"मंग काय करू, माय? तू सांग."

तिनं जरा विचार केला. सोमामामाचा दुधाचा धंदा होता. ती म्हणाली, "सोमा, तुयं लहान माप आण. अन् हे घरात नाही. गोठ्यापाशी."

मामानं अल्युमिनियमचं छोटं माप आणलं, धुऊन, फडक्यानं कोरडं करून. मायनं स्वतः बाटली धरायला नकार दिला, म्हणून साहेबांनी ओतली. काठोकाठ. मामानं वाकून काठ पाहिला, दूध पाहतो तसा. मग ते ग्लासात ओतलं, आणि सगळ्या गल्लीसमोर मी काम केलं. घोट तोंडात घेतला, हवा ओढली, जिभेवर फिरवली, लोट्यात थुंकलो. पुन्हा घेतला, पुन्हा थुंकलो. ग्लास रिकामा होईपर्यंत. कुणीतरी पोरगी खिदळली, तर मायनं तिच्याकडे असं पाहिलं की ती घरातच पळाली.

मग मामानं लोट्यातलं मापात ओतायला घेतलं. माप भरलं. आणि वरून सांडलं.

"अवो बाई!" मामा ओरडला. "हे तं वाढलं!"

तोंडाची लाळ मिसळली की वाढणारच. पण गल्ली अशी हसली की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. ब्रुनो साहेब तर बाजेवर आडवेच झाले. माय हसली नाही. ती मापाकडे बघत होती.

मी तिच्याजवळ गेलो आणि हळू आवाजात म्हटलं, "त्या दिवशी एक थेंब गेला होता, माय. ठसक्यात."

"मले मालूम हाय."

"मंग?"

"ठसक्यात गेला त्याले पेणं नाही म्हणत," ती म्हणाली. "पण तू थांबला कावून? तू तसा थांबला का मले तुया बाप दिसते रे." आणि तेव्हा मात्र तिच्या डोळ्यांना पाणी आलं. माझ्याही आलं. साहेबांनी तोंड फिरवून म्हशीकडे बघायला सुरुवात केली.

डोळे पुसून झाल्यावर तिनं तो प्रश्न विचारला जो पानठेल्यावरच्या एकाही शहाण्याला सुचला नव्हता. "अन् थुंकाचंच हाय, तर तोंडात घेते कावून?"

मी सांगितलं, की यात वास असतात, चवी असतात, त्या ओळखून नावानं लिहायच्या. यात एक वास आहे तो मला सापडूनच नाही राहिला. मायनं रिकामा ग्लास उचलला. पदरानं बाहेरून पुसला, जसा काही त्यालाच विटाळ असावा, आणि नाकाशी धरला. हुंगलं. थांबली. पुन्हा हुंगलं. आयुष्यभर दारूच्या वासावर पहारा करून तिचं नाक कुठल्या कुठं पोचलं होतं, हे आमच्या कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"चार," ती म्हणाली.

"काय?"

"अरे, चार. जंगलातले. लहानपणी आम्ही चार वेचून आणो अन् जात्यावर फोडो, चारोळी काढाले. दिवसभर फोडलं का जात्याले जो वास येते ना, दगडाचा अन् चारोळीचा एकसाथ, तो होय हा."

तोच होता! दगड आणि चारोळी. मी साहेबांना समजावून सांगितलं, तर ते बाजेवरून उठलेच. म्हणाले, आमच्या गावचे म्हातारे याला कडू बदाम आणि ओला दगड म्हणतात. त्यांनी माझ्या वहीत ते मला तिथंच लिहायला लावलं आणि खाली मायचं नाव लिहायला लावलं. भावाला ते कळवलंसुद्धा. माय त्याच जीपमध्ये आमच्याबरोबर घरी आली, पुढच्या सीटवर बसून.

'हा' बंद झाला असं मात्र समजू नका. दुसऱ्याच दिवशी ती दारात उभी. "हा कर, शालिक." मी केलं. तिनं हुंगलं आणि म्हणाली, "आज लाल. बोरावाली." कियांतीच होती! मग रोजचा हाच खेळ. "पांढरी, लिंबाच्या पाल्यावाली." "लाल, पण पाणचट, सायबाले सांग चांगली मागवत जा म्हणा." दहातल्या आठ वेळा बरोबर असायचं. तिच्या तोंडचे बरेच शब्द माझ्या वहीत गेले आहेत. एका म्हाताऱ्या बारोलोला ती 'ट्रंकीतलं लग्नाचं लुगडं' म्हणाली होती, आणि त्याहून बरं मला आजवर सुचलेलं नाही.

काम संपलं, इटालियन लोक गेले. जाताना ब्रुनो साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारायला हात उचलला आणि हसून खाली घेतला. त्यांच्या शिफारशीवर मला रायपूरच्या एका हॉटेलात वाईनचं काम मिळालं. तिथं एक एक नमुने भेटले. एका शेठजींनी बारोलोत कोला घालायला लावलं आणि मला विचारलं, "अब ठीक है ना?" मी "जी साहब" म्हटलं, आणि आत जाऊन भिंतीला डोकं टेकलं. एका लग्नात नवऱ्यामुलाच्या काकांनी पांढऱ्या वाईनला रंग नाही म्हणून भेसळीचा आरोप केला. पण एक पोरगी, पहिल्यांदाच चाखणारी, ग्लास हुंगून म्हणाली, "अंकल, इसमें दादी के घर का कुछ है." तिला मी त्या दिवशी सगळ्यात चांगली बाटली काढून दिली. मॅनेजर ओरडला, ओरडू दे म्हटलं.

एकाच गोष्टीची हळहळ आहे. घोट घशाखाली उतरल्यावर वाईनची चव मागं किती वेळ राहते, यावर जाणकार लोक पानंच्या पानं लिहितात. त्याबद्दल माझी वही कोरी आहे. जे केलं नाही ते लिहायचं नाही, हा साहेबांचा नियम मी पाळला.

मग ती तापाची मोठी साथ आली. हॉटेल बरेच महिने बंद. मायला ताप येऊन गेला, वाचली, पण फार थकली. हॉटेल उघडलं तेव्हा मी परत जायला लागलो, आणि ती पुन्हा, आता काठी धरून, दारात.

"हा कर." हुंगायची. "पांढरी."

कधी बरोबर यायचं, बरेचदा चुकायचं. मी म्हणायचो, "बरोबर, माय." म्हाताऱ्या माणसाला काय चुकीचं म्हणायचं!

एक दिवस हॉटेलात वाईनचं कामच नव्हतं. दिवसभर मी चहाशिवाय कशाला तोंड लावलं नव्हतं. मायनं हुंगलं आणि म्हणाली, "लाल. आमसूलवाली."

"एकदम बरोबर!"

"खोटारड्या!" ती म्हणाली आणि बोळक्या तोंडानं हसायला लागली. "मले तापापासून वासच येऊन नाही राहिला. सुमनची फोडणी जळते तं बी नाही समजत."

मी विचारलं, "मंग मी पेलो का नाही, हे तू कसं तपासते?"

"तपासणं? ते तं उतईलेच खतम झालं. माप सांडलं त्या दिवशी."

"मंग इतके वर्षं 'हा' कावून करवत होती, माय?"

ती काठीवर दोन्ही हात ठेवून उभी होती. म्हणाली, "तू येते, चप्पल काढते, अन् सीधा आत जाते. सुमनकडं, पोरायकडं, टीव्हीकडं. 'हा' म्हटलं का तेवढा वेळ मायापाशी थांबते."

माय गेली त्याला आता तिसरं वर्ष लागलं. यंदा मी निवृत्त झालो. शेवटच्या दिवशी हॉटेलवाल्यांनी हार घातला, मी दोन बाटल्या चाखून थुंकल्या आणि घरी आलो. दारात चप्पल काढली आणि पाय आपोआप थांबले. तोंड उघडलं आणि 'हा' केलं, समोर कोणी नसताना. स्वयंपाकघरातून सुमन हात पुसत आली. माझ्याकडे बघितलं. जवळ येऊन नाक वर केलं आणि हुंगलं.

"मले तं काहीच नाही समजत जी," ती म्हणाली. पण बाजूला झाली नाही. तशीच समोर उभी राहिली.